डांबर लावलेली बाजू

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, उद्यान खात्यात झाडांच्या फांद्या कापायच्या कामाला होते, आणि सगळं खातं त्यांना डॉक्टर म्हणायचं. एकदा नवा राहायला आलेला एक शेजारी ही हाक ऐकून पाय मुरगळलेल्या बायकोला घेऊन दारात उभा राहिला. भाऊजींनी तिला खुर्चीत बसवलं, पाय नीट बघितला आणि गंभीरपणे सांगितलं, "कापायची गरज नाही." उभ्या आयुष्यात त्यांनी केलेला हा एकच विनोद, आणि तोही त्यांनी विनोद म्हणून केला नव्हता.

डॉक्टर हे नाव पडलं ते डांबरामुळे. फांदी कापली की खोडावर ओली, उघडी चकती उरते. तिच्यावर डांबर लावायचं, म्हणजे पाणी शिरत नाही, कीड लागत नाही, असं त्यांच्या खात्यात शिकवलेलं. फांदी कुणीही कापावी, डांबर मात्र टोळीतल्या सगळ्यात जुन्या माणसानेच लावावं, अशी रीत होती. स्टोव्हवर डांबराचा डबा, त्यात कधीही न धुतलेला कुंचा, आणि तो कुंचा फिरवणारे भाऊजी. लेकराच्या गुडघ्याला मलम लावावं इतक्या हळुवारपणे ते डांबर लावायचे. शेवटचा हात मारला की खोडाला दोन बोटं टेकवून म्हणायचे, "झालं. आता बरं व्हायचं." माणसांशी ते इतक्या प्रेमाने बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

त्यांना उंचीची भीती वाटायची, हे ताईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत आहे, कारण ताईला माहीत आहे. झाडावर चढताना ते खाली बघत नसत आणि वरही बघत नसत, फक्त नाकासमोरच्या सालीकडे बघत. त्यामुळेच त्यांना सालीतलं इतकं कळायचं, असं माझं मत आहे. बाकी कशातलं त्यांना फार कळायचं असं मी म्हणणार नाही. झाडावर एक घाव दोन तुकडे करणारा हा माणूस घरात आला की साबण कुठला आणायचा यावर अडून बसायचा. राग तेवढा नाकाच्या शेंड्यावर तयार असायचा. तो आला की त्यांना सगळं स्पष्ट दिसायचं आणि तो गेला की पुन्हा धुकं.

त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर माझं दुकान आहे. लोकांचे कपडे उसवून मापाचे करून द्यायचे, हा माझा धंदा. लग्न केलं नाही, त्यामुळे बहिणीच्या संसारात नाक खुपसायला मला भरपूर वेळ मिळाला. वरचं बोलणं मला खाली ऐकू येतं, आणि ऐकू आलं नाही तर मी वर जाते.

ताई-भाऊजींना एकच मुलगा. माझा भाचा. तो बापाच्याच टोळीत कामाला लागला तेव्हा भाऊजी महिनाभर शिट्टी वाजवत घरी यायचे. मुलगा हुशार, हाताला चपळ, उंचीला न घाबरणारा. फक्त एक खोट होती: त्याला प्रश्न पडायचे. खात्याने त्याला कुठल्याशा शिक्षणाला पाठवलं आणि परत आला तो आणखी प्रश्न घेऊन.

आमच्या शहरातलं सगळ्यात म्हातारं झाड मोठ्या बागेत तळ्याकाठी आहे. खात्याने झाडांना पत्र्याचे बिल्ले ठोकले तेव्हा पहिला बिल्ला त्याला मिळाला, म्हणून ते 'एक नंबर'. वय कुणी पाचशे वर्षं सांगतं, कुणी आठशे. भाऊजींना विचारलं तर म्हणायचे, "माझ्यापेक्षा मोठं." वीज पडून त्याचा शेंडा गेलेला, खोड अर्धं पोकळ, आणि सगळं झाड तळ्याकडे असं कललेलं की नव्या माणसाने खाली उभं राहायला कचरावं. तरी ते दर वर्षी न चुकता पालवतं. बागेत पायवाट करायची म्हणून त्याच्या खालच्या चार फांद्या काढायचं ठरलं. दोन रस्त्याच्या बाजूच्या, दोन तळ्याच्या. रस्त्याकडच्या भाऊजींनी कापल्या, तळ्याकडच्या भाच्याने.

आपल्या दोन्ही चकत्यांना डांबर लावून भाऊजी तळ्याच्या बाजूला आले, तर भाचा आडवा उभा. म्हणाला, "बाबा, या दोघींना नको लावू या. डांबराने जखम भरत नाही, आत ओल कोंडते आणि लाकूड कुजतं. उघडी राहू द्या. झाडाचं झाड बघून घेईल."

हे तो घरी जेवताना म्हणाला असता तर भाऊजींनी ताट सरकवलं असतं आणि तिथेच मिटलं असतं. तो म्हणाला सगळ्या टोळीसमोर. भाऊजींनी कुंचा त्याच्या हातात दिला. वडीलधाऱ्याचा कुंचा हातात मिळणं हा त्यांच्यात मान, आणि तो मान त्यांनी पोराला शिक्षा म्हणून दिला. म्हणाले, "लाव."

"नाही," भाचा म्हणाला.

"लावणार नसशील तर घरी यायचं नाही."

असं रागात कुठलाही बाप म्हणतो. आमचे वडील तर आठवड्यातून एकदा म्हणायचे आणि दिवेलागणीला आमची वाट बघत दारात बसायचे. पण हा बापाचाच मुलगा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. त्याच संध्याकाळी, भाऊजी यायच्या आत, त्याने घरी येऊन बॅग भरली आणि मित्राकडे गेला. तिथून दुसऱ्या दिवशी जो उत्तरेकडे दूरच्या गावी गेला, तो नऊ वर्षं परत आला नाही. घरं जमिनीवरून फुटतात, दागिन्यांवरून फुटतात. आमचं डांबरावरून फुटलं. बाहेर कुणाला सांगायची सोयही राहिली नाही.

त्यानंतर भाऊजी एक नंबरच्या झाडाकडे फिरकले नाहीत. त्याचं काम दुसऱ्या टोळीला दिलं. बागेतून जाणारा जवळचा रस्ता सोडून वळसा घालून कामावर जायला लागले. पुढे खात्यानेच डांबर बंद केलं आणि दुसरा कसला तरी लेप आणला, मग तोही बंद केला. भाऊजी म्हणाले, "आता नवं निघालंय, उद्या आणखी नवं निघेल." यावरून ते हरले असं समजायचं की जिंकले, हे आम्हाला कळलं नाही आणि विचारायची छाती कुणाची नव्हती. मुलाचा विषय घरात बंद होता. ताई माझ्या दुकानात येऊन माझ्या फोनवरून त्याच्याशी बोलायची आणि वर जाताना हातात एखादा कपडा घेऊन जायची, म्हणजे मापाला आली होती असं दिसावं. भाऊजींना हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. एकदा जेवता जेवता ते मधेच म्हणाले, "उत्तरेला थंडी फार असेल या दिवसांत." ताईने त्यांना भाजी वाढली. मी पाणी प्यायले. भाऊजी पुन्हा जेवायला लागले.

मग यंदा त्याचा फोन आला की समुद्रापलीकडच्या देशात काम मिळालंय, काही वर्षांसाठी. जायच्या आधी रविवारी दुपारी येईन, तासभर बसेन. ताईने या वेळी कपड्याचं सोंग केलं नाही. सरळ वर गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "रविवारी तो येतोय."

"येऊ दे," भाऊजी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी नसेन." झोपायच्या आधी त्यांनी विचारलं, "दुपारी म्हणजे कधी?"

ताई खाली येऊन माझ्यासमोर बसली. सगळं आयुष्य ती त्या घरात कणा होऊन उभी राहिली, पण त्या दिवशी तिचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाली, "ते उठून गेले आणि हा तसाच परत गेला, तर पुन्हा नाही यायचा. माझ्याने आता आणखी होणार नाही गं. तू फक्त त्यांना घरात थांबव." जसं काही भाऊजी म्हणजे शर्टाचं बटण, की मी दोन टाके घालून जागेवर बसवीन. पण तिला नाही कसं म्हणायचं?

तो आठवडा भाऊजींचं काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एके सकाळी त्यांनी जिन्याचा कठडा घासून काढला. दुपारी म्हणाले, "कुणासाठी घासलाय असं कुणी समजू नये." दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "तू उसवतेस तेव्हा जुन्या टाक्यांची भोकं राहतात का?"

"राहतात," मी म्हटलं. "इस्त्री केली की थोडी बुजतात."

"सगळी?"

"कापडावर आहे."

"कसल्या कापडावर?"

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "भाऊजी, सरळ विचारा ना काय विचारायचंय ते." तर ते उठले आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी ते छाटणीचा जुना चाकू खिशात घालून बाहेर पडले. निवृत्त माणूस चाकू घेऊन निघतो म्हटल्यावर मी दुकानाला कुलूप घातलं आणि मागे गेले. लपूनछपून नाही, चांगली दहा पावलांवरून गेले. त्यांनी एकदा वळून बघितलं आणि तसेच पुढे चालत राहिले. वळशाच्या रस्त्याला लागायच्या ठिकाणी ते थांबले, दोन्हीकडे बघितलं, आणि बागेत शिरले.

एक नंबरच्या झाडाभोवती त्या दिवशी गर्दी होती. कुठल्याशा कंपनीचे लोक एकसारखे निळे सदरे घालून गोल उभे होते आणि एक बाई त्यांना झाडाकडून चिवटपणा शिकवत होत्या. बाई गोड होत्या, उगाच खोटं का बोला. म्हणत होत्या, "या झाडाने किती वादळं बघितली असतील. तरी ते ताठ उभं आहे." भाऊजी गोलात शिरून उभे होते. त्यांनी कललेल्या खोडाकडे बघितलं आणि मनापासून विचारलं, "ताठ?"

बाई हसल्या. "मनाने ताठ, काका."

भाऊजींनी मान हलवली, पण कपाळावरची आठी गेली नाही. मग बाईंनी सगळ्यांना खोडावर हात ठेवून डोळे मिटायला आणि मनातला एक प्रश्न झाडाला विचारायला सांगितलं. मला वाटलं आता भाऊजी उखडणार. त्यांनी डोळे मिटले. माझा विश्वास बसेना. एवढा मोठा माणूस, ज्याने या झाडावर करवत चालवली, तो निळ्या सदऱ्यांच्या रांगेत हात टेकवून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मलाच अवघडल्यासारखं झालं, मी तळ्याकडे बघत बसले.

"झाड जखमा धरून ठेवत नाही," बाई म्हणाल्या. "झाड माफ करतं."

"कुणाला?" भाऊजींनी डोळे न उघडता विचारलं.

"ते ज्याचं त्याने ठरवायचं," बाई म्हणाल्या. उत्तर चांगलं होतं की उत्तर येत नसल्याचं लक्षण होतं, यावर मी आणि ताईने पुढे बराच काथ्याकूट केला.

निळे लोक चहाला गेले तेव्हा भाऊजी रस्त्याच्या बाजूला आले. मी म्हटलं, "काय विचारलंत झाडाला?"

"कोण बरोबर होतं ते."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इथे चार जखमा होत्या. दोन डांबर लावलेल्या, बापाच्या. दोन उघड्या, मुलाच्या. मधे नऊ वर्षं गेली होती. भाऊजी निकाल बघायला आले होते. त्यांच्या चकत्या भरल्या असतील तर उद्या ते बाप म्हणून घरात बसणार होते. मुलाच्या भरल्या असतील तर काय करणार होते, ते बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं. ताईचा अख्खा रविवार त्या झाडाच्या सालीत अडकला होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या लाकडाकडे जीव मुठीत धरून बघितलं.

रस्त्याकडची पहिली चकती पूर्ण मिटली होती. चारी बाजूंनी सालीच्या जाड कडा वळत येऊन मधे एकमेकींना भेटल्या होत्या, बेंबीसारख्या. "हे बघ," भाऊजी म्हणाले आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. मग दुसरी चकती बघितली. तिच्यात त्यांचं बोट मुळापर्यंत आत गेलं आणि बाहेर आलं ते ओल्या भुशाने माखून. त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं.

आम्ही तळ्याच्या बाजूला गेलो. तिथलीही एक चकती पूर्ण मिटलेली. दुसरी अर्धी भरलेली, अर्धी किडलेली, मधे शेवाळ. एक-एक अशी बरोबरी. भाऊजी पुन्हा रस्त्याकडे गेले, पुन्हा तळ्याकडे आले. हिशेब जुळत नाही म्हणून गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा सुट्टे मोजतं तसं त्यांचं चाललं होतं. मी म्हटलं, "म्हणजे दोघंही बरोबर."

"किंवा दोघंही चूक."

"झाड तर जिवंत आहे ना?"

"तेच तर कळत नाही," ते म्हणाले. "बरं झालंय म्हणावं, तर झाड कधी बरं होत नाही. आपली कातडी भरते तसं त्यांचं नसतं. जखम असते तिथेच राहते. ते तिच्याभोवती भिंत घालतं आणि वरून वाढत जातं. हे खोड उद्या चिरलं तर मी केलेला काप आत जसाच्या तसा सापडेल, डांबरासकट."

"मग बाई म्हणाल्या ते खरं, की खोटं? धरून ठेवतं की नाही?"

"धरून ठेवतं. पण त्याचं काही अडत नाही." हे बोलून ते स्वतःच गोंधळले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी चमत्कारिक बोलले.

मग त्यांनी चाकू काढला. अर्ध्या भरलेल्या चकतीवरचं शेवाळ खरवडलं, वळलेल्या सालीच्या कडेखाली टोक घालून थोडं उचकटलं. आत काळं होतं. त्यांनी ते नखाने काढलं, बोटांत चोळलं, वास घेतला. मग माझ्या नाकाशी धरलं. नऊ वर्षं सालीखाली राहूनही वास तोच होता, त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना यायचा तो.

"हे डांबर आहे," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय मग? ही त्याची बाजू आहे. इथे मी लावलं नाही. त्याने तर लावणार नाही म्हणून सांगितलं." ते दुसऱ्या, मिटलेल्या चकतीकडे गेले, खालच्या कडेला एक चीर होती तिच्यात चाकूचं टोक घातलं. तिथेही काळं निघालं. "कुणी लावलं हे?"

ते तळ्याकाठच्या बाकावर बसले. निकाल लागायचा राहिला होताच, आता खटलाच राहिला नव्हता. चारी जखमांना डांबर होतं, आणि दोन भरल्या, दोन कुजल्या, म्हणजे डांबराने काय होतं आणि काय नाही हे त्या झाडाने कधीच सांगितलं नसतं. मला त्याचं काही नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, त्यानेच लावलं असणार. दुसरं कोण लावेल?"

"टोळीतल्या कुणी लावलं असेल. उगाच बोलणी नकोत म्हणून."

"तुमचा कुंचा तुमच्याशिवाय कुणी हातात घ्यायचं का?"

तळ्यात बदकं होती, त्यांच्याकडे बघत भाऊजी म्हणाले, "मी दुसऱ्या दिवशी फेरीला आलो असतो तर तेव्हाच दिसलं असतं." डांबर लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते तडकलं का बघायला जायचं, हा त्यांचा नेम. पाऊस असो, सुट्टी असो, ताईच्या बाळंतपणातसुद्धा ते आधी फेरी मारून मग दवाखान्यात आले होते, आणि ताईने ते अजून माफ केलेलं नाही.

"मग का नाही आलात?"

"उद्या तो कधी येणार म्हणालीस?" भाऊजींनी विचारलं. मी काहीच म्हणाले नव्हते.

रविवारी सकाळपासून ते बूट घालून बसले होते. घरात बूट म्हणजे काही खरं नाही. ताई स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने डोकावून मला खुणा करायची आणि मी दाराला पाठ लावून हातशिलाई करत बसले होते. दोनदा भाऊजी उठले. एकदा पाणी पिऊन आले, एकदा खिडकी लावून पुन्हा उघडली. मी म्हटलं, "भाऊजी, जायचं असेल तर माझ्या अंगावरून जावं लागेल." ते म्हणाले, "कोण जातंय?"

भाचा आला तो कानाजवळ पांढरे केस घेऊन. ताईने त्याला धरलं आणि सोडलं, पुन्हा धरलं. त्याने भाऊजींकडे बघून "बाबा" एवढंच म्हटलं. भाऊजी म्हणाले, "बस." मग आम्ही चौघं जगातल्या सगळ्या बिनमहत्त्वाच्या गोष्टी बोललो. बस वेळेवर आली का. कोपऱ्यावरचं दुकान बंद पडलं का. छत गळतं का, तर नाही, मागच्या वर्षी नीट केलं. चहा आला, त्यावर साय धरली, कुणी प्यायला नाही. भाच्याने एकदा घड्याळाकडे बघितलं आणि ताईने ते बघितलं. माझी सुई बोटात गेली.

मग भाऊजींनी टेबलाकडे बघत विचारलं, "तळ्याकडच्या दोन जखमांना डांबर कुणी लावलं?"

भाचा दचकला. मला वाटलं, आता उठतो. तो म्हणाला, "तुम्ही बघितलं?"

"काल."

"काल," भाचा म्हणाला. तो शब्द त्याने असा उच्चारला की मला त्याच्याकडे बघवलं नाही. "मीच लावलं बाबा. दुसऱ्या दिवशी पहाटे, तुमचाच डबा आणि कुंचा घेऊन. आदल्या रात्री मित्राकडे मला झोप लागली नाही. मला अजून वाटतं की डांबर लावू नये. पण म्हटलं, तुम्ही फेरीला याल, बघाल, आणि मग बोलता येईल. मी बॅग घेऊन तिथेच बाकावर बसलो होतो. दुपारपर्यंत बसलो. तुम्ही आला नाहीत. तुमची फेरी कधी चुकत नाही, म्हणून मला वाटलं की मी तिथे आहे हे तुम्हाला कळलंय आणि म्हणूनच तुम्ही येत नाही."

भाऊजींची मान हलत होती, होकारार्थी की नकारार्थी ते त्यांनाच ठाऊक. "मला त्या दिवशी ताप होता," ते म्हणाले.

"नव्हता," ताई म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिने नवऱ्याला कधी खोटं पाडलं नव्हतं. ती उभी होती, हातात रिकामी बशी होती. म्हणाली, "ताप-बीप काही नव्हता. कामावर गेले नाहीत आणि दिवसभर त्या खिडकीत बसून राहिले. जेवायलासुद्धा उठले नाहीत. मी दोनदा विचारलं, काय करताय म्हणून. तर म्हणाले, रस्ता बघतोय. मला वाटलं, रागाने बसलेत."

आम्ही सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं.

"तुला येऊ नको म्हणालो होतो," शेवटी ते भाच्याला म्हणाले. "म्हटलं, येतोस का बघावं."

मी हातातलं शिवण खाली ठेवलं. इतकी वर्षं मी या दोघांना हट्टी, दगड, काय काय म्हणत आले होते. ताईने चहाचे कप उचलले, पुन्हा गरम करते म्हणाली, आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.